कलापथकातले अण्णाभाऊ

अण्णाभाऊ साठे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना 'फकिरा' आठवते. ती कादंबरी १९५९ साली आली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ते साहजिकच आहे. मला मात्र त्यांचा कलापथकाचा काळ अधिक ओढ लावतो.

त्यांचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी, मातंग समाजात. इंग्रज सरकारने या जातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. शाळा घडली अवघी दीड दिवस. पुढे वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली. हमाली केली, फेरी केली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून अक्षरे पक्की केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे ही दीड दिवसाची शाळा मला जरा जास्तच टोचते.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. नाट्यगृहाचे तिकीट ज्याला परवडत नाही त्याच्या दारी कला न्यायची, हा त्यामागचा रोख होता. चाळीचे पटांगण, गिरणीकामगारांची वस्ती, उघडे मैदान हेच त्यांचे थिएटर. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण जसाच्या तसा नव्हे. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले, गौळण गळाली, आणि वगात राजाच्या जागी शेतकरी, सावकार व शेटजी उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, कलापथकाच्या प्रयोगांनाही मनाई झाली. तेव्हा हेच खेळ 'लोकनाट्य' या नावाने चालू राहिले! नाव बदलले, प्रेक्षक तेच.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गाजली. पोटासाठी मुंबईस आलेल्या कामगाराची गावी राहिलेली बायको, एवढाच तिचा विषय. पण तो विरह ऐकता ऐकता बेळगाव-कारवारच्या ताटातुटीचा होतो. प्रांतरचनेचा रूक्ष प्रश्न त्यांनी असा माणसाच्या काळजाला नेऊन भिडवला. भाषणांना हे क्वचितच जमते.

हे सारे करणारा माणूस बरीच वर्षे आपल्या घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत होता. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले, प्रवासवर्णन लिहिले. झोपडी मात्र लगेच सुटली नाही. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती.

२०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याचा आनंदच आहे. पण आपल्या स्नेहसंमेलनात एखादे वर्षी 'अकलेची गोष्ट' बसवावे, तेही हॉलमध्ये नव्हे तर पटांगणात, फाटक उघडे ठेवून, म्हणजे बाहेरचे फेरीवालेही येऊन बसतील, असे मला फार वाटते.