शब्दांना वाट देणारा संगीतकार

मोडनिंब : पुणे-सोलापूर महामार्गावरील मोडनिंब हे गाव बाहेरच्या रसिकांना परिचित आहे ते लावणीच्या कलाकेंद्रांमुळे. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वेही याच गावावरून जाते. त्यामुळे ढोलकीचा ठेका आणि टाळांचा गजर हे दोन्ही नाद येथील कानांना सारखेच सरावाचे आहेत. गेल्या कार्तिकीच्या सुमारास येथे झालेल्या भक्तिगीतांच्या एका कार्यक्रमात तबला, पखवाज, टाळ आणि कीबोर्ड यांच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटारही होती. वादक तरुण सोलापूरचा. डोळे गायकाकडे, दोन्ही हात वाद्यावर आणि उजवे पाऊल जमिनीवरच्या एका काळ्या पेडलवर, अशी त्याची बैठक. गायकाने ओळ उचलली की पाऊल टाचेकडे झुके आणि गिटार मागे सरे. ओळ संपून श्वासापुरती फट पडली की चवडा दाबला जाई आणि गिटारचा सूर त्या फटीत अलगद भरून येई.

या साधनाला व्हॉल्यूम पेडल म्हणतात. त्याच्या पोटात रेडिओच्या बटणात असतो तसाच एक फिरता रोधक असतो. फरक इतकाच की तो बोटांनी फिरवायचा नसून पावलाने फिरवायचा. वादक तो तार छेडण्याआधी मिटून घेतो आणि छेडल्यानंतर हळूहळू उघडतो. त्यामुळे छेडण्याचा टणत्कार ऐकूच येत नाही आणि गिटारमधून व्हायोलिनच्या गजासारखा सूर उगवतो. पेडल कोठे जोडायचे यालाही महत्त्व आहे. आवाज खरखरीत करणाऱ्या ओव्हरड्राइव्हच्या आधी ते ठेवले, तर पाऊल मागे घेताच खरखर निवळते आणि सूर स्वच्छ होतो. तेच नंतर ठेवले, तर सुराचा पोत कायम राहून केवळ तीव्रता उतरते. साध्या पेडलमधून जाताना तारेच्या आवाजातली चमक थोडी मरते, म्हणून काही वादक आधी एक बफर जोडतात. या तरुणाने पेडलची खालची मर्यादा अशी बांधून ठेवली होती की, टाच पूर्ण टेकली तरी गिटार अगदी मुकी होऊ नये. गायकाला सुराचा आधार कानाशी राहिला पाहिजे, असे त्याचे म्हणणे पडले.

कार्यक्रमात सर्वाधिक दाद मिळाली ती बीज आणि वृक्षाचा दृष्टान्त सांगणाऱ्या एका पदाला. निवेदकांनी ते तुकोबांचा अभंग म्हणून सादर केले आणि मंडपात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. वस्तुत: ते पद शांताराम आठवले यांनी प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी लिहिले आणि त्याला चाल दिली केशवराव भोळे यांनी. चित्रपटातला सालोमालो तुकोबांची रचना आपली म्हणून मिरवतो. चित्रपटाबाहेर उलटे घडले आणि आठवल्यांची रचना तुकोबांच्या नावावर जमा झाली. कवीच्या दृष्टीने यापरते मोठे प्रशस्तिपत्र नसेल. परंतु या व्यवहारात संगीतकाराचे नाव पुसले गेले, आणि मराठी गाण्याच्या मागे गिटारला स्थान देणाऱ्या पहिल्या काही मंडळींपैकी तो एक होता, ही गोष्टही त्याबरोबर विस्मरणात गेली. मोडनिंबच्या मंडपात त्या पदामागे गिटार वाजत असताना हा योगायोग मनात सलत राहिला.

केशव वामन भोळे यांचा जन्म २३ मे १८९६ रोजी अमरावतीचा. त्यांचे बालपण संगीत नाटकांच्या भरभराटीचे होते. वऱ्हाडात नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडत आणि घरोघर नाट्यपदे गुणगुणली जात. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस आले, मात्र अभ्यासापेक्षा गाण्याच्या बैठकांची ओढ बलवत्तर ठरली आणि ते शिक्षण अर्धवट राहिले. डॉक्टरकी गेली, हाती राहिला तो अत्यंत चिकित्सक कान. पुढे ‘एकलव्य’सारख्या टोपणनावांनी त्यांनी समकालीन गायकांच्या गायकीची जी परीक्षणे लिहिली, त्यांत हा कान स्पष्ट जाणवतो. कोणता गायक स्वर कसा लावतो, शब्द कोठे तोडतो, तानेच्या नादात अर्थ कोठे हरवतो, याची ते बारकाईने नोंद घेत. आपल्याकडे गायकांवर लिहिणारे बहुतेक एकतर भक्त असतात किंवा वैरी. भोळे या दोहोंपैकी कोणीच नव्हते, म्हणून त्यांचे लेखन आजही वाचण्याजोगे आहे.

त्या काळच्या रंगभूमीची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे होती. नंतरच्या नाटकांतून पदांची संख्या घटली, पण एकेक पद लांबत गेले. ‘वन्समोअर’च्या गजरात कथानक थांबे आणि नाटकाची मैफल होई. साथीला आधी सारंगी, मग पेटी आणि गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गन. हरिभाऊ देशपांड्यांचे ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवा खाँसाहेबांचा तबला हे त्या वैभवाचे शिखर होते. जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी. आवाजाचे नियंत्रण हातांकडून काढून घेण्याची युक्ती गिटारवाल्यांची नव्हे. ऑर्गनचा भाता पायांनी चालतो आणि अनेक ऑर्गनांत गुडघ्याने सरकवायचा एक दांडा असतो. तो सरकवला की आतली झडप उघडते आणि तोच सूर मोठा होतो. दोन्ही हात स्वरांसाठी मोकळे ठेवण्याची सोय त्यात होती. मात्र नाटकातले ऑर्गन बहुधा गायकाच्या आवाजाला भरघोस पाठबळ देण्यासाठी वाजे. त्याने मागे सरावे, अशी अपेक्षा कोणी फारशी केली नव्हती.

ती अपेक्षा भोळ्यांनी केली. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून ते श्रीधर विनायक वर्तक यांनी लिहिले होते. पहिला प्रयोग १ जुलै रोजी मुंबईत झाला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, रंगमंचावर खरीखुरी वाटणारी खोली उभी राहिली आणि पदांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. संगीताची जबाबदारी भोळ्यांवर होती. तबला-ऑर्गनच्या रूढ साथीऐवजी त्यांनी पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार यांचा उपयोग केला. दिवाणखान्यातली तरुणी स्वत:शी गुणगुणू लागली, तर तिच्यामागे तबल्याची थाप कोठून येईल, हा त्यामागचा साधा प्रश्न होता. नायिका होत्या त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई. गोव्यातील बांदिवड्याच्या या दुर्गा केळेकर. १९३२ मध्ये त्यांचा भोळ्यांशी विवाह झाला होता.

हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. तारांवरून पोलादी कांडी फिरवायची, म्हणजे स्वर तुटत नाहीत, एकातून दुसरा ओघळतो. हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र रूढ केले असे मानतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर त्याचे वेड अमेरिकाभर पसरले आणि ध्वनिमुद्रिकांतून ते इकडेही पोहोचले. मींड हा ज्या संगीताचा प्राण, त्याला ही गिटार परकी वाटण्याचे कारण नव्हते. भोळ्यांच्या कानाने हे नेमके हेरले. गंमत अशी की, बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीसुद्धा हवाईयन पद्धतीचीच होती. रिकनबॅकरची ती गिटार १९३२ साली, म्हणजे ‘आंधळ्यांची शाळा’च्या जेमतेम वर्षभर आधी, अमेरिकेत विक्रीस आली. पुढे पाय वापरून आवाज कमी-जास्त करण्याची सवयही प्रथम जोपासली ती मुख्यत: या मांडीवरच्या गिटारवाल्यांनीच, कारण कांडी धरलेला हात सोडणे त्यांना शक्य नव्हते.

भोळ्यांच्या वादकाजवळ असे कोणतेही साधन नव्हते. त्याला हलके वाजवायचे असेल, तर हलकेच वाजवावे लागे. साथ मागे राहावी हा निर्णय संगीतकाराने चाल बांधतानाच घ्यायचा आणि तो वादकाच्या बोटांत उतरवायचा. गाणाऱ्याच्या शब्दांना वाट देणे हे तंत्राचे नव्हे, विवेकाचे काम होते. प्रस्तुत लेखकाच्या मते भोळ्यांची खरी कामगिरी पियानो किंवा गिटार आणली यात नाही. वाद्ये काय, कोणीही आणली असती. त्यांनी साथीला गप्प राहण्याची जागा नेमून दिली.

नाट्यमन्वंतर ही संस्था अल्पायुषी ठरली. भोळे प्रभातमध्ये गेले. कोल्हापूर सोडून पुण्यात आलेल्या या कंपनीचा तेथील पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४ चा; संगीत भोळ्यांचे. बोलपटांच्या त्या आरंभीच्या दिवसांत गायक आणि वादक यांचे ध्वनिमुद्रण बहुधा एकत्रच होई. वाद्य मोठे वाटले तर वादकाला मायक्रोफोनपासून दोन पावले मागे बसवायचे, कमी पडले तर पुढे ओढायचे. अंतर हाच त्या काळचा व्हॉल्यूम पेडल. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांच्याकडे होती आणि असा जाणकार सहकारी लाभणे ही भोळ्यांची जमेची बाजू ठरली.

दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. येथे भोळ्यांनी पियानो-गिटारचा मोह टाळला. वीणा, टाळ आणि मृदंग यांच्याभोवती त्यांनी चाली गुंफल्या. विष्णुपंत पागनीसांचा आवाज मोठ्या गवयाचा नव्हता. भजन करणाऱ्या भाविक माणसाचा होता. त्या आवाजाला पेलेल एवढीच साथ त्यांनी ठेवली. म्हणूनच आठवल्यांचे पद अभंग म्हणून खपून गेले. चाल जराही नाटकी असती, तर वारकऱ्यांच्या कानाने ती तत्काळ वेगळी काढली असती. पंढरीच्या वाटेवरच्या गावांतील भजनी मंडळांनी हे पद आपलेसे केले, तेव्हा ते सिनेमातले आहे याचा त्यांना विसर पडला. या विसरातच भोळ्यांच्या चालीचे यश दडले आहे.

पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ने त्यांना याहून अवघड कामगिरी दिली. जरठविवाहाविरुद्ध झगडणाऱ्या तरुणीची ही कथा. तिच्यात पार्श्वसंगीत वापरायचेच नाही असे ठरले. प्रसंगात प्रत्यक्ष जे वाजू शकेल तेच ऐकू यावे. संगीतकाराने टाच पूर्ण टेकवण्याचाच हा प्रकार. शांता आपटे यांनी त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता गायिली, तीही याच चित्रपटात. संगीतकार म्हणून नाव लागलेल्या माणसाने आपल्या वाद्यांना बहुतांश वेळ बसवून ठेवावे, याला मोठे धैर्य लागते. ‘माझा मुलगा’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ या चित्रपटांनाही भोळ्यांचे संगीत होते, पण ‘कुंकू’तले मौन त्या सर्वांत उठून दिसते.

त्यांच्या मार्गाला मर्यादा नव्हत्या असे नाही. गाण्याला नाटकात आटोपशीर केल्याने रागविस्ताराचा आनंद गेला, ही रसिकांची तक्रार पूर्णत: चुकीची म्हणता येणार नाही. ज्योत्स्नाबाईंना रंगभूमीवर सर्वांत मोठे यश मिळाले ते १९४२ च्या ‘कुलवधू’त, आणि त्याचे संगीत होते मास्टर कृष्णरावांचे. प्रेक्षकांना पुन्हा भरघोस गाणे हवे होते. भोळ्यांच्या भावगीतांनी मात्र घरातल्या माणसाला पेलेल असे गाणे दिले. उत्तरायुष्यात त्यांनी ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ या पुस्तकात आपल्या चालींमागची कारणे मांडली. चाल का केली हे सांगू शकणारे संगीतकार आपल्याकडे मोजकेच. लिहून ठेवणारे त्याहून कमी. १९७७ साली त्यांचे निधन झाले. ज्योत्स्नाबाई २००१ मध्ये गेल्या. पुण्यात त्यांच्या नावाचे सभागृह आहे.

मोडनिंबचा कार्यक्रम रात्री साडेअकराच्या सुमारास संपला. गिटारवादक तारा गुंडाळत असताना त्याला भोळ्यांचे नाव सांगितले. त्याने ते ऐकले नव्हते. ‘आंधळ्यांची शाळा’ ही त्याला शाळाच वाटली. मात्र त्या नाटकात गिटार होती आणि आवाज उतरवण्यासाठी पेडल नव्हते, हे कळताच तो थबकला आणि त्या वादकाने मग काय केले असेल, असे त्याने विचारले. निवेदकांनाही आठवले आणि भोळे ही दोन्ही नावे सांगितली. त्यांनी गाण्यांच्या यादीमागे ती टिपून घेतली. भोळे की भोसले, हे मात्र दोनदा विचारून घेतले.