महालनोबिस आणि बेकारीचा आकडा

प्लेसमेंटचे दिवस आले की होस्टेलवर बेकारीच्या दराची चर्चा रंगते. दर उतरला म्हणजे नोकऱ्या वाढल्या, असं आपण धरूनच चालतो. देशभर घरोघरी जाऊन असे आकडे गोळा करण्याची पद्धत ज्या माणसाने बसवली, त्याची ओळख म्हणूनच करून द्यावीशी वाटते.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकात्यात झाला. केंब्रिजहून ते फिजिक्स शिकून आले. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे फिजिक्सच, पण वेड लागलं संख्याशास्त्राचं. १९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. इंजिनिअर म्हणाले, नदीचा तळ वर आलाय, बांध उंच करा. महालनोबिसांनी कित्येक वर्षांच्या नोंदी तपासून दाखवून दिलं की तळ वर आलेलाच नाही. एका पुरावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे आपण भावी इंजिनिअरांनी खास लक्षात ठेवावं!

१९३१ मध्ये त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि १९५० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पण त्यांनाही आव्हान मिळालं. पिकाच्या अंदाजासाठी ते शेतातला छोटासा तुकडा कापून मोजत. आपल्या सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर हद्दीवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं.

२८ जून १९७२ रोजी महालनोबिस गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नमुना पाहणीची रोजगारावरची पहिली मोठी पंचवार्षिक फेरी सुरू झाली.

मला वाटतं, बेकारीच्या दरातही सगळा खेळ हद्दीवरच्यांचाच आहे. काम नाही पण काम शोधतोय किंवा करायला तयार आहे, तोच बेकार. माझा मावसभाऊ बी.ई. होऊन दोन वर्षं नोकरी शोधत होता, तोवर तो बेकार होता. आता कंटाळून वडिलांच्या दुकानात बिनपगारी बसतो, म्हणून पाहणीत तो कामावर! कामाची तयारीच सोडून नुसता घरी बसला असता तर हिशेबातूनच बाहेर गेला असता. दोन्हीकडे दर उतरतो, नोकरी मात्र एकही वाढत नाही.

२०१७-१८ मध्ये दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के. याच काळात काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेलं. त्यांतल्या बऱ्याच जणी घरच्या शेतात-धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. पुढे एप्रिल २०२५ चा मासिक दर आला ५.१ टक्के. मग बेकारी एकदम भडकली का? नाही. वार्षिक ३.२ हा आकडा मागच्या वर्षभराचं काम विचारून काढलेला, मासिक आकडा मागच्या आठवड्याचं. आठवड्याच्या मापाने २०२३-२४ चा दरही ४.९ टक्के होताच.

२००७ पासून महालनोबिसांचा जन्मदिवस सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. हारतुरे राहू देत. दर बदलल्याची बातमी आली की आपण एवढंच विचारू या: माप तेच आहे ना? आणि हद्दीच्या आत कोण आलं, बाहेर कोण गेलं?