डेनिस रिची: कार्डाची जागा बदलली तरी प्रोग्राम का बदलावा लागत नाही?

सर्व्हरमधलं नेटवर्क कार्ड काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं, किंवा नवीन कार्ड घातलं, तर पुढे काय काय बदलावं लागतं? हा प्रश्न मला नेहमी येतो. कमांडची यादी देऊन मोकळं होता येईल. पण ज्या माणसामुळे ही सगळी पद्धत अशी आहे त्याची गोष्ट कळली, तर यादी पाठ करायची गरजच उरत नाही असं मला वाटतं. म्हणून आज डेनिस रिची.

टेलिफोनवाल्या घरातला मुलगा

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील अ‍ॅलिस्टेअर रिची बेल लॅब्समध्ये होते. स्विचिंग सर्किटवरच्या एका पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक. डेनिस हार्वर्डला आधी फिजिक्स शिकले, मग अप्लाइड मॅथेमॅटिक्स. पीएचडीचा प्रबंध लिहून झाला, पण बांधणी केलेली प्रत त्यांनी विद्यापीठात जमाच केली नाही. त्यामुळे पदवी राहिली ती राहिलीच! १९६७ मध्ये तेही बेल लॅब्समध्ये लागले.

तिथे मल्टिक्स नावाच्या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम चालू होतं. १९६९ मध्ये बेल लॅब्सने त्यातून अंग काढून घेतलं. मग केन थॉम्पसन यांनी एका जुन्या पीडीपी-७ मशीनवर छोटीशी सिस्टिम उभी केली आणि रिची त्यांच्यासोबत आले. हेच पुढचं युनिक्स.

यंत्राला फाईलचं नाव

त्यात एक कल्पना होती, जिचं श्रेय थॉम्पसन यांनीच नंतर रिची यांना दिलं. प्रिंटर, टेप, टर्मिनलची लाईन अशा प्रत्येक उपकरणाला फाईलसारखं नाव द्यायचं आणि ती सगळी नावं 'डेव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. या फाईलमध्ये मजकूर नसतो. तिच्या मागे फक्त दोन आकडे असतात. मेजर नंबर सांगतो की कोणता ड्रायव्हर वापरायचा. मायनर नंबर सांगतो की त्या ड्रायव्हरच्या हाताखालचं नेमकं कितवं उपकरण.

फोनमध्ये तुम्ही 'आई' नावाने नंबर सेव्ह करता ना, तसंच. आईने सिम बदललं तर कॉन्टॅक्टमधला नंबर एकदा बदलायचा. तुम्ही मात्र 'आई'लाच फोन लावता.

१९७३ मध्ये रिची यांनी बनवलेल्या सी भाषेत युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्याने लिहिला गेला. १९७४ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांचा युनिक्सवरचा प्रसिद्ध लेख छापून आला. त्यात त्यांच्या पीडीपी-११/४५ मशीनचं वर्णन आहे: मेमरी १४४ किलोबाइट, आणि मॉडेमला जोडलेले १४ कम्युनिकेशन इंटरफेस. त्या काळी असं कार्ड वाढवलं किंवा त्याचा पत्ता बदलला, की कर्नलच्या तक्त्यात नोंद करायची, कर्नल पुन्हा तयार करायचा आणि मशीन रीबूट करायचं. नवीन उपकरण असेल तर 'डेव्ह'मध्ये त्याची फाईल बनवायची. वरच्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. काम होतं ते नाव आणि यंत्र यांच्यातली गाठ पुन्हा बांधायचं, बस्स.

नेटवर्क कार्ड मात्र वेगळं निघालं

१९८३ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बर्कलीच्या युनिक्समधून सॉकेट ही पद्धत बाहेर आली. तिच्यात नेटवर्क कार्ड 'डेव्ह'मध्ये नसतं, त्याच्या नावांची यादीच वेगळी असते. रिची यांनी १९८४ मध्ये दुसरा मार्ग मांडला, स्ट्रीम्स. त्यात प्रोग्राम आणि उपकरण यांच्यामध्ये गरजेप्रमाणे छोटे छोटे भाग रचता येतात. एटी अँड टीच्या युनिक्सने तो घेतला, पण इंटरनेटच्या जगात सॉकेटच रुजलं. रिची यांच्या विभागात पुढे तयार झालेल्या प्लॅन ९ मध्ये नेटवर्कही फाईल म्हणूनच दिसतं, पण ती सिस्टिम फार पसरली नाही.

त्याचा परिणाम आपण आज भोगतो. लिनक्समध्ये पूर्वी कार्डांना 'ईथ ०', 'ईथ १' अशी नावं सापडतील त्या क्रमाने मिळायची. नवीन कार्ड घातलं की क्रम बदलायचा आणि एकाचा आयपी दुसऱ्याच्या वायरवर जाऊ शकायचा. २०१३ पासून बऱ्याच सिस्टिममध्ये नाव जागेवरून ठरू लागलं, उदाहरणार्थ 'ईएनपी ३ एस ०', म्हणजे बस ३, स्लॉट ०. पण आता कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं की नावच बदलतं. कॉन्फिगरेशन फाईल जुन्या नावाची वाट बघत बसते आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायब!

म्हणून कार्ड हलवण्याआधी प्रत्येक कार्डाचं नाव, मॅक अ‍ॅड्रेस आणि आयपी लिहून ठेवा. मॉनिटर-कीबोर्ड किंवा सिरियल कन्सोल हाताशी असू द्या, कारण नेटवर्क गेलं तर लांबून लॉगिन होणार नाही. सुरू झाल्यावर मॅकवरून कार्ड ओळखा आणि कॉन्फिगरेशनमध्ये नवीन नाव टाका, किंवा नाव थेट मॅकला बांधा. फायरवॉल आणि राऊटिंगच्या नियमांत जुनं नाव राहिलंय का तेही बघा. कार्ड अगदी नवीन असेल तर मॅकही नवीन असतो, त्यामुळे राऊटरमध्ये त्या मॅकसाठी राखून ठेवलेला आयपीसुद्धा बदलावा लागतो.

शेवट

रिची २००७ मध्ये निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्सच्या घरी ते मृतावस्थेत सापडले. वय ७०, घरात एकटेच राहत होते. आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्स गेले होते आणि जगभर त्यांचीच चर्चा होती. रिची यांची बातमी बऱ्याच जणांपर्यंत पोचलीही नाही. आयफोनची सिस्टिम युनिक्सच्याच घराण्यातली आहे, आणि अँड्रॉइडखालचं लिनक्स कर्नल मुख्यतः सी मध्येच लिहिलेलं आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही 'डेव्ह' फोल्डर आहे. फक्त वायफाय त्यात शोधू नका. ते 'डब्ल्यूलॅन ०' या नावाने त्या वेगळ्या यादीतच सापडेल.