हान्स अँडरसन

डेन्मार्कमधील ओडेन्से या गावी १८०५ साली हान्सचा जन्म झाला. वडील जोडे शिवीत; परंतु मुलाला ते अरबी सुरस कथा वाचून दाखवीत. त्याच्यासाठी त्यांनी बाहुल्यांचे एक लहानसे नाट्यगृहही तयार केले होते. १८१६ साली ते वारले. आई लोकांचे कपडे धुऊन संसार ओढी.

चौदाव्या वर्षी, नट होण्याच्या ध्यासाने, हान्सने एकट्यानेच कोपनहेगन गाठले. गळा गोड म्हणून थोडा आश्रय मिळाला. पण आवाज फुटला आणि तोही सुटला. अखेर योनास कॉलिन या थोर गृहस्थांनी त्याच्या शिक्षणाची सोय केली. सतरा वर्षांचा तो किडकिडीत मुलगा आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या वर्गात बसू लागला. मुख्याध्यापक त्याचा पदोपदी उपहास करीत. कविता लिहिण्यासही त्यांनी मनाई केली होती. गुरूच्या कठोर शब्दाचा घाव किती खोल जातो! ते दिवस हान्स जन्मभर विसरला नाही.

१८३५ साली त्याच्या परीकथांची पहिली पुस्तिका निघाली. तीतील घरगुती बोली पाहून काही टीकाकारांनी नाके मुरडली. १८४३ साली आलेल्या कुरूप बदकपिलाच्या कथेत त्याने आपलीच कहाणी गुंफली.

१८६७ साली ओडेन्सेने त्याला सन्मान्य नागरिक केले. त्या रात्री सारे गाव दिव्यांनी उजळले होते; अँडरसन मात्र दातदुखीने बेजार झाला होता.