विश्लेषण : रस आंबटच राहिला, गुण मात्र गेला! जेम्स लिंड यांच्या लिंबूरसाचे काय चुकले?

संत्री-लिंबांनी स्कर्व्ही बरा होतो, हे प्रयोगातून दाखवणारे डॉक्टर म्हणजे जेम्स लिंड. पण रस टिकवण्यासाठी त्यांनीच सुचवलेल्या पद्धतीने त्यातले औषध घालवले. नेमके काय घडले?

लिंड कोण होते?
त्यांचा जन्म १७१६ मध्ये एडिंबरा येथे झाला. पंधराव्या वर्षी ते एका शल्यचिकित्सकाकडे शिकू लागले आणि १७३९ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाले. लांबच्या सफरींत तेव्हा खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत आणि अनेकांचा जीव जाई.

प्रयोग काय होता?
१७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ युद्धनौकेवर लिंड यांनी १२ रुग्णांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सर्वांना सारखे, उपचार मात्र वेगळे : सायडर, सौम्य गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचे पाणी, लसूण-मोहरीचे चाटण आणि दोन संत्री व एक लिंबू. फळे सहा दिवसांतच संपली, तरी फळे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली.

मग चुकले कुठे?
ताजी फळे जहाजावर महिनोन् महिने टिकत नसत. म्हणून १७५३ च्या ग्रंथात लिंड यांनी ‘रॉब’ सुचवला. गाळलेला रस मातीच्या भांड्यात घालून, ते भांडे जवळपास उकळत्या पाण्यात ठेवून कित्येक तास आटवायचा आणि पाकासारखा झाला की बाटलीत भरायचा.

चव आंबटच राहिली, कारण सायट्रिक आम्ल उष्णतेला टिकते. ‘क’ जीवनसत्त्व मात्र उष्णता आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे नष्ट होते. जे उरले, ते साठवणुकीत घटत गेले. ‘क’ जीवनसत्त्वाची ओळख पटली ती थेट १९३२ मध्ये. लिंड यांना ते कळणे शक्यच नव्हते. कॅप्टन जेम्स कुक यांनाही रॉबचा फारसा उपयोग वाटला नाही.

पुढे काय झाले?
१७५८ पासून लिंड हॅस्लर येथील नौदल रुग्णालयाचे प्रमुख होते. १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी गिल्बर्ट ब्लेन यांच्या प्रयत्नांतून नौदलाने लिंबूरस देणे सुरू केले. हा रस न आटवता, थोडे मद्य घालून टिकवलेला होता. काही वर्षांतच ताफ्यातला स्कर्व्ही जवळपास हटला.

आपल्यासाठी धडा काय?
फळ तेच, फरक प्रक्रियेचा. काही सेकंदांच्या पाश्चरीकरणात ‘क’ बऱ्यापैकी टिकते, तासन् तास आटवण्यात नाही. त्यामुळे रस आंबट लागला म्हणजे त्यात ‘क’ आहेच, असे समजू नका.