ख्रिस्तवासी रेव्हरंड नारायण वामन टिळक

टिळकांची पदे ज्या मंडळीत गात नाहीत अशी मराठी मंडळी आम्हांस ठाऊक नाही. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी ब्राह्मण कुळात झाला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा होताच आप्तजन दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई ह्याही काही वर्षे वेगळ्या राहिल्या.

त्या काळी उपासनेत विलायती चालींची गीते पुष्कळ गात. देशी पदे पूर्वीही होती, परंतु टिळकांनी वारकऱ्यांचा अभंग व हरिदासांचे कीर्तन ही मनोभावे प्रभूच्या सेवेस लाविली. लौकिक चाल मंदिरात कशी आणावी, अशी शंका कोणी घेईल. युरोपात १५ व्या शतकी द्युफे नामक गायनाचार्याने आपल्याच एका प्रेमगीताची चाल मिस्सेच्या संगीतास आधार म्हणून घेतली होती. आमच्या मते टिळकांनी तर भक्तीचीच चाल घेतली. फुलामुलांवर कविता करणारी लेखणीही हीच.

१९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते प्रभूकडे गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.