कर्मवीर दादासाहेब गायकवाड

पंचवटीतले काळाराम मंदिर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आज तिथं कुणीही जातो, दर्शन घेतो. पण पूर्वी तसं नव्हतं. ज्यांना अस्पृश्य मानत, त्यांना आत जायची बंदी होती. ही बंदी मोडायला झटलेले आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र म्हणजे दादासाहेब गायकवाड.

त्यांचे नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड. जन्म १५ ऑक्टोबर १९०२, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विश्वासू सहकारी होते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब सत्याग्रह समितीचे चिटणीस होते. हजारो लोकांची शिस्तीत मिरवणूक निघाली. पाहतात तो मंदिराचे दरवाजे बंद! दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही चारी दरवाजांपुढे शांतपणे बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या.

रामनवमीला दोन्ही बाजूंनी मिळून रामाचा रथ ओढायचा, असे ठरले. पण सत्याग्रहींचे हात लागण्याआधीच रथ पळवून नेला. दगड आले, मारामारी झाली. बाबासाहेबांनाही दगड लागले. खेड्यांतून सत्याग्रहींच्या घरच्यांचे हाल झाले. मुलांना शाळेतून काढलं, बाजारात जिन्नस मिळेना.

राम एकच आणि दिवसही त्याच्या जन्माचा. मग दगड कशाला? देव आमचाच, तुमचा नाही, असं माणूस म्हणू लागला की धर्मातून भांडण उभं राहतं. सर्वांना सारखं मानलं, तर धर्मातूनच शांती मिळते.

दादासाहेब डगमगले नाहीत. बाबासाहेब विलायतेला गेले तेव्हाही त्यांनी लढा चालू ठेवला. पाच वर्षं झाली तरी दार उघडलं नाही. तेव्हा १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. १९५६ साली त्यांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. शांती आणि समता सांगणारा हा मार्ग दादासाहेबांनीही धरला.

पुढे ते खासदार झाले. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून १९५९ आणि १९६४ साली त्यांनी मोठे सत्याग्रह केले. लाखो लोक तुरुंगात गेले. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

देवळाचं दार कायद्यानं उघडलं. मनाचं दार आपणच उघडायचं असतं. शाळेत एका पंगतीत जेवताना, एकाच माठातलं पाणी पिताना दादासाहेबांची आठवण ठेवू या.

(संकलन : इयत्ता सातवी)